मदत हवी आहे: दिवसभर खुरपणाऱ्या बाया सेन्सरवर ‘बैठ्या’ दिसतात

नमस्कार मंडळी,

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात प्रौढांच्या शारीरिक हालचालीवर माझ्या प्रबंधाचं काम चालू आहे. कंबरेच्या पट्ट्यावर अ‍ॅक्टिग्राफ (हालचाल मोजणारं छोटं यंत्र) सात दिवस बांधायला देते. चार दिवस, रोज किमान दहा तास घातलेला असेल तरच नोंद धरते. यंत्र हालचाल ‘काउंट’ या एककात मोजतं. मिनिटाला शंभर काउंटच्या खाली म्हणजे बैठं, हा नेहमी वापरला जाणारा निकष, आणि 1952 पासून वर म्हणजे मध्यम, हा संशोधक फ्रीडसन यांचा 1998 चा निकष, असे दोन्ही लावलेत.

अडचण खुरपणीची आहे. गुत्त्यावर (उक्त्या कामावर) जाणाऱ्या बायांबरोबर मी स्वतः सोयाबीनमध्ये होते. पात धरली की उकिडवं बसायचं, उजव्या हातात खुरपं, डाव्या हाताने तण उपटायचं आणि तसंच पुढं सरकायचं. गुडघे, कंबर, खांदे सगळं भरून येतं, अंग घामाने निथळतं. पण कंबर जागची फारशी हलत नाही. आलेख उघडला तर त्याच वेळातली कितीतरी मिनिटं शंभरच्या आत! गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालणारी बाई आणि रिकाम्या हाताने चालणारी बाईही या यंत्राला सारखीच. त्याच गावातला दुकानदार संध्याकाळी रस्त्याने फिरून येतो, त्याची मध्यम हालचाल मात्र नीट मोजली जाते. हे आकडे असेच छापले तर शेतात राबणाऱ्या बायका आळशी ठरतील, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

फ्रीडसन यांचा निकष ट्रेडमिलवर चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसांवर बेतलेला आहे, त्यात खुरपणी कुठून येणार? गाइड म्हणतात, कंबरच ठेवा, इतर अभ्यासांशी तुलना करता येते. मुद्दा बरोबर आहे, पण चुकीच्या आकड्याची तुलना करून काय मिळणार?

मनगटाचा पर्याय डोक्यात आहे. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासाने 2013 ते 2015 मध्ये सुमारे एक लाख लोकांना मनगटावरच यंत्र दिलं होतं. पण भाकरी थापताना हात जोरात चालतो, बाकी शरीर जागेवरच, तेव्हा तिथे उलटी गडबड होईल असं वाटतं. शिवाय हात कोणता? रिवाज कमी वापरातल्या हाताचा आहे, खुरपं तर उजव्यात. मांडीवरचं यंत्र मांडीच्या कोनावरून बसणं-उभं राहणं ओळखतं. उकिडवं बसलेल्या बाईला ते बसलेलीच म्हणेल ना?

कुणी शेतमजुरांवर असं काम केलंय का? कंबर आणि मनगट दोन्हीकडे लावून काही जणींचं काम शेतात बसून मिनिटागणिक नोंदवावं आणि त्यावरून आपल्याकडचे निकष काढावेत, की कंबरेचेच आकडे ठेवून कामाची डायरी जोडावी? डायरी लिहायची तर कोण लिहिणार, हाही प्रश्न आहे. बऱ्याच जणी घड्याळाऐवजी ‘न्याहारीआधी’, ‘दिवस कलल्यावर’ असं सांगतात.

आणखी एक. कापूस वेचताना कंबरेला ओटी बांधतात, ती भरली की पट्टा दाबला जातो किंवा मागे सरकतो. तो कुठे बांधावा, हे साडी नेसणाऱ्या कुणी अनुभवाने सांगितलं तर फार बरं होईल.

कच्चा डेटा सगळा जपून ठेवलाय, नव्याने गणित मांडायची तयारी आहे. दसऱ्यानंतर वेचणी जोरात सुरू होईल, त्याआधी यंत्र कुठे लावायचं ते ठरवायचं आहे. कृपया जाणकारांनी सांगावं.