मेसेजात 'सर्व्हिस कॅम्पेन', शोरूमात 'टेन्शन नाही', मग रिकॉल नेमका कुणाचा?

रंकाळावाला
मंडळी, दोन वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, २०२१ चं मॉडेल. आरसी माझ्या नावावर आहे. मंगळवारी त्यांचाच फोन आला, "अहो, तुमच्या गाडीचा मेसेज मला आलाय." इंग्रजीत दोन ओळी. गाडी 'सर्व्हिस कॅम्पेन'मध्ये असू शकते, वर्कशॉपला भेट द्या. झालं. मला वाटलं फुकट वॉशिंगचा कॅम्प असणार, पावसाळ्याआधी असतोय तसा.

पुतण्यानं बातमी दाखवली तेव्हा कळलं, फ्युएल पंपाचा रिकॉल आहे, म्हणजे पंपात दोष म्हणून कंपनीनं तो बदलायला गाड्या परत बोलावल्यात. चालत्या गाडीत पंप बंद पडू शकतो म्हणे. आणि मी दर शनिवारी गगनबावड्यावरून घाट उतरून वैभववाडीला जातो (सासरवाडी, चुकवून चालत नाही).

शोरूमातला पोरगा म्हणाला, "सर, टेन्शन नाही, पार्ट आला की फोन करतो." तोवर चालवू का? "चालवा की." तेवढं कागदावर लिहून दे म्हटल्यावर मात्र कॉम्प्युटरकडं बघायला लागला. टोल-फ्रीवाले म्हणतात डीलरला विचारा, डीलर म्हणतो टोल-फ्रीला. साईटवर चासी नंबर टाकला तर 'नंबर चुकीचा'.

गाडी यादीत आहे का नाही, हे पक्कं कुठं कळणार? आणि शनिवारी घाट उतरू का?

उद्यमनगरचा मिस्त्री
दादा, आधी नंबर नीट बघा. चासी नंबरात १७ आकडे-अक्षरं असतात, पण इंग्रजी आय, ओ, क्यू त्यात नसतातच. एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. तुम्ही शून्याच्या जागी ओ मारला असणार. पार्ट मागवताना आमच्याकडं रोज कोणतरी हेच करतंय.

पंप जायच्या आधी बऱ्याचदा सांगतो. सकाळी सेल जास्त मारायला लागतो, चढाला गाडी ओढत नाही, गचके देते. पण न सांगताही जातो. उतारावर इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग जड होतं, आणि ब्रेकच्या बूस्टरमधला (पॅडल हलकं ठेवणारा भाग) व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच उरतो. त्यानंतर पॅडल म्हणजे दगड. म्हणून सारखं दाबत-सोडत बसू नका, एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या. माझं विचाराल तर पार्ट बदलेपर्यंत एसटीनं जावा.

कट्ट्यावरचा
इन्शुरन्स संपायला आला की दिवसातनं चार फोन. पंप बदलायचा म्हटल्यावर दोन ओळी, त्या पण जुन्या मालकाला. नाद खुळा!

पाचगावची मीना
आरसी बदलली म्हणजे कंपनीच्या नोंदीतला मोबाइल नंबर बदलतो असं नाही, तो आधी बदलून घ्या. आणि दुसरे मालक आहात म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दोष गाडीत आहे, मालकात नाही.

२०१२ पासून वाहन कंपन्यांच्या संघटनेची, सियामची, स्वेच्छेनं रिकॉल करायची पद्धत होती. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम आलं. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सरकार सक्तीनं रिकॉल करायला लावू शकतं, दंड १० लाख ते १ कोटी. त्यासाठी गाडी सात वर्षांच्या आतली लागते, तुमची बसते. मालकाला तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर करता येते. शोरूमवाले दाद देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण सगळ्यात आधी जॉबकार्ड, म्हणजे वर्कशॉपची लेखी नोंद, करून घ्या. तोंडी 'चालवा की'ला काही अर्थ नाही.

रंकाळावाला
मिस्त्री, पाया पडतो! आरसी भिंगाखाली धरली, शून्यच निघालं. साईटनं लगेच सांगितलं, गाडी यादीत आहे. प्रिंट काढून शोरूमला गेलो. तासभर बसल्यावर जॉबकार्डावर 'पार्ट उपलब्ध नाही, ग्राहकास कळवले' एवढं लिहून मिळालं. 'चालवायला हरकत नाही' लिहायला काही कुणाचं पेन उठलं नाही, त्यात काय ते समजलो.

मीनाताई, मोबाइल नंबर बदलून घेतला. वाहन पोर्टलवर आज रात्री बसतोय.

सासऱ्यांना फोन केला, शनिवारी एसटीनं येतोय म्हणून. तर म्हणाले, "मग फणस कसे नेणार?"