व्हॅन्कोमायसिनचा डोस: कृश रुग्णांत सॉफ्टवेअरचा अंदाज फसतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी एका रुग्णालयाच्या आयसीयूत क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. इथे औषधशास्त्रातलं किंवा क्रिटिकल केअरमधलं कुणी असेल तर कृपया सविस्तर वाचा.

२०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना आल्यावर आम्हीही व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची ट्रफ (पुढच्या डोसआधीची रक्तातली सर्वांत कमी पातळी) लिटरला १५ ते २० मिग्रॅ ठेवायची जुनी पद्धत सोडली. आता २४ तासांचा एयूसी (दिवसभरात शरीराला औषध एकूण किती मिळालं त्याचं माप) ४०० ते ६०० मध्ये ठेवतो. त्यासाठी बायेशियन सॉफ्टवेअर आहे. वय, वजन, क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनी बाहेर टाकते तो पदार्थ) भरलं की मॉडेल आधी एक अंदाज बांधतं, आणि रक्तातली लेव्हल मिळाली की तो त्या रुग्णापुरता दुरुस्त करतं. पातळी स्थिरावण्याची वाट पाहावी लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. म्हणूनच हे नीट जमवायचंय.

अडचण अशी. रुग्ण ४८ वर्षांच्या बाई, वजन ४२ किलो, रक्तात एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू). बरेच दिवस अंथरुणाला खिळून, दंडा-मांड्यांवर मांस उरलेलं नाही. स्नायूच नाहीत म्हणून क्रिएटिनिनही कमी, ०.४. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने क्लिअरन्स (किडनी रक्त साफ करते तो वेग) येतो मिनिटाला ११४ मिली! सॉफ्टवेअरने तो खरा मानला आणि दर १२ तासांनी ७५० मिग्रॅवर एयूसी जेमतेम २०० राहील म्हणून दिवसाला ३ ग्रॅम सुचवले. वरिष्ठांनी ७५० वरच ठेवलं. मग ट्रफ आली १४.२. ती भरल्यावर सॉफ्टवेअर म्हणालं एयूसी ४४०.

संशय आला म्हणून पुढच्या डोसला दोन नमुने घेतले. ड्रिप संपल्यावर दोन तासांनी २८.५, पुढच्या डोसआधी अर्धा तास पुन्हा १४.२. सॉफ्टवेअरची रेघ त्या पहिल्या वेळेला २२ वरून जात होती. हाताने गणित केलं तर अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) साडेआठ तास आणि एयूसी ५३४ च्या आसपास. म्हणजे ३ ग्रॅम दिले असते तर हजाराच्या पुढे, आणि किडनीचं काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

दरवेळी दोन लेव्हल्स नातेवाइकांना परवडत नाहीत, नमुना बाहेरच्या लॅबला जातो. एकाच लेव्हलवर भागवायचं तर मॉडेल कोणतं निवडू? क्रिएटिनिन ०.८ धरून भरू का, जसं आमच्याकडे काही जण करतात?

प्रतिसाद १

०.८ धरू नका. तोही अंदाजच, फक्त उलट्या बाजूचा. लघवीचं कॅथेटर असेलच, तर आठ तासांची लघवी जमा करा, तिचं क्रिएटिनिन करा आणि खरा क्लिअरन्स काढून तोच सॉफ्टवेअरमध्ये भरा. लेव्हलपेक्षा कितीतरी स्वस्त.

मॉडेलबद्दल: ते कोणत्या रुग्णांवर बांधलंय हे आधी बघा. रॉबर्ट्स यांचं २०११ चं मॉडेल सेप्सिसच्या, सतत ड्रिप चालू असलेल्या आयसीयू रुग्णांचं, त्यात वितरणाचं आकारमान (औषध शरीरात किती जागेत पसरतं ते) किलोला १.५३ लिटर. बुएल्गा यांचं २००५ चं रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांचं, तिथे ०.९८. तुमच्या रुग्णात हा फरक ६४ लिटर की ४१ लिटर इतका पडतो. नुसत्या ट्रफवरून सॉफ्टवेअरला कळत नाही की औषध हळू बाहेर जातंय की पसरलंय जास्त जागेत. तुमची ४४० आणि २२ ची भानगड तिथेच आहे. गंभीर रुग्णात निदान पहिल्यांदा तरी दोन लेव्हल्स घ्याच, नंतर एकीवर भागेल.

प्रतिसाद २

वेळा तपासल्या का? आमच्याकडे चार्टवर ‘सकाळी ६’ लिहिलेलं असतं आणि ड्रिप लागते पावणेसातला, कारण सिस्टर एकटी आणि बेड आठ. सॉफ्टवेअरला डोसची आणि नमुन्याची खरी वेळ लागते. आम्ही ड्रिपच्या बाटलीवरच चिकटपट्टी लावून सुरू आणि बंद झाल्याची वेळ लिहायला सांगतो. शिवाय ज्या हाताला ड्रिप चालू आहे त्याच हातातून नमुना घेतला नाही ना, तेही विचारा. मोफत साधनांत टीडीएमएक्स (TDMx) आणि टुकुक्सी (Tucuxi) बघा, तेच आकडे दोन्हींत टाकून उत्तरं किती जुळतात ते पडताळा.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वेळा माझ्यासमोर नोंदल्या होत्या, नमुना दुसऱ्या हाताचा होता. लघवीची तपासणी केली: आठ तासांत ४८० मिली, त्यात क्रिएटिनिन २६. क्लिअरन्स मिनिटाला ६५ मिली, म्हणजे सूत्राच्या निम्म्याच्या जरा वर. तो भरून त्याच एका ट्रफवर सॉफ्टवेअर आता एयूसी ५०५ म्हणतंय, हाताच्या गणिताच्या बरंच जवळ. डोस तोच ठेवलाय.

या बाईंत ०.८ चा आकडाही (५७ मिली) जवळ आला असता, म्हणून तेच बरोबर असं आमच्यातले काही म्हणतील. पण शेजारच्या बेडवर अपघातात डोक्याला मार लागलेला तरुण आहे, क्रिएटिनिन ०.५. त्याची किडनी खरंच जोरात चालत असू शकते, तिथे ०.८ धरलं तर औषध कमी पडेल. त्याचीही लघवी आज जमा करायला लावलीय. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत कोणतं मॉडेल चांगलं चालतं, याचा कुणाला अनुभव असेल तर जरूर सांगा.