झोरा नील हर्स्टन: संवादांत अडकलेय, मदत करा

वाचनवेडी: 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' वाचायला घेतलीये. निवेदन इतकं सुंदर आहे पण संवाद आले की अडखळायला होतं, सगळं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत, स्पेलिंगसुद्धा उच्चाराप्रमाणे. आणि एवढी मोठी लेखिका, तिच्या थडग्यावर कितीतरी वर्षं नावसुद्धा नव्हतं म्हणे, हे कसं काय?

शाईचा डाग: संवाद मोठ्याने वाचा, खरंच सांगतो. 'आय'च्या जागी 'आह' लिहिलेलं डोळ्यांना खुपतं पण कानाला लगेच कळतं. झोरा फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये वाढली, तिथे सगळी वस्ती कृष्णवर्णीयांची, मेयरसुद्धा त्यांच्यातलाच, आणि दुकानाच्या ओसरीवर बसून लोक तासन्‌तास थापा मारायचे, गोष्टी सांगायचे. ती ओसरी कादंबरीत जशीच्या तशी आलीये. पुढे ती मानववंशशास्त्र शिकली, फ्रान्झ बोआसच्या हाताखाली, आणि दक्षिणेत फिरून लोककथा गोळा केल्या, म्हणून ती बोली इतकी अस्सल आहे.

मेघना_वाचते: झोराचा विसर पडायला ती बोलीच थोडी कारणीभूत झाली. १९३७ मध्ये पुस्तक आलं तेव्हा कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइटनेच झोडपलं, म्हणजे यात विचार नाही, गोऱ्या वाचकांची करमणूक आहे असा सूर. मला हे अजिबात पटत नाही. नायिका जेनीला स्वतःचा आवाज सापडणं हाच तर विचार आहे! गुलाम म्हणून आणलेल्या कुजो लुईसवरचं 'बॅराकून' तर प्रकाशकांना बोली काढून हवं होतं, तिने नकार दिला, ते शेवटी २०१८ मध्ये छापलं गेलं.

शाईचा डाग: हो, आणि शेवट फार वाईट झाला. १९५० मध्ये मायामीकडे मोलकरणीचं काम करत होती, १९६० मध्ये फ्लोरिडातल्याच फोर्ट पिअर्सच्या सरकारी निराधारगृहात वारली. लोकांनी वर्गणी काढून पुरलं, दगडाला पैसे उरले नाहीत. तिचे कागद आवारात जाळायला काढले होते, ओळखीचा एक डेप्युटी शेरीफ तिथून चालला होता, त्याने आग विझवली. कडा जळालेले ते कागद आज फ्लोरिडा विद्यापीठात आहेत.

मेघना_वाचते: १९७३ मध्ये लेखिका अॅलिस वॉकर कमरेएवढ्या गवतात शिरून 'झोरा!' अशा हाका मारत थडगं शोधत होती, मग तिनेच दगड बसवला. त्यावर जन्मसाल १९०१ कोरलंय, खरं १८९१. फुकट शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सव्विसाव्या वर्षी झोराने वय दहा वर्षं कमी सांगितलं होतं, तेच पुढे चालत राहिलं.

वाचनवेडी: आत्ता दार लावून ओसरीचा प्रसंग मोठ्याने वाचला. कळतंय! कादंबरीतल्या वादळापर्यंत पोचले की परत येते.