प्रॅक्टिकल आणि रंगांधळेपणा
बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये अडचण येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी डिपार्टमेंटने काही सोय करावी का, यावर "प्रवेश मेरिटवर झाले, आता डिपार्टमेंटने वेगळं काय करायचं" असं काहींचं म्हणणं आहे, ते अर्धंच पटतं. रंगांधळेपणाबद्दल कोणीच बोललं नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणं एक्स क्रोमोसोमवरून येतं म्हणून मुलग्यांमध्ये जास्त, मोठ्या वर्गात एखाददुसरा असतोच, आणि टायट्रेशनला (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने घालून प्रमाण काढायचा प्रयोग) मिथाइल ऑरेंज, म्हणजे रंग बदलून कधी थांबायचं ते दाखवणारं रसायन, दिलं की तो शेजारच्याच्या फ्लास्ककडे बघत बसतो. आमच्या बॅचमधल्या एकाचं रीडिंग कायम चुकायचं, सर म्हणायचे लक्ष नाही (लक्ष आमच्यापेक्षा जास्तच होतं!). शेवटी लॅबच्या मामांनी कपाटात धूळ खात पडलेला पीएच मीटर (द्रावण किती आम्लधर्मी ते आकड्यात दाखवणारं यंत्र) काढून दिला, एंडपॉइंट, म्हणजे थांबायची नेमकी जागा, सरळ आकड्यांवरून काढता यायला लागला. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या एफटीआयआयला (सिनेमा-टीव्ही शिकवणारी संस्था) सगळे कोर्स रंगांधळ्यांना खुले करायला लावले, बीएस्सीवाल्यांनी निदान मीटर तरी बाहेर काढावा.