डिस्नीज अमेरिका: झालं नाही तेच बरं झालं?

नकाशेबाज: नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्नीने व्हर्जिनियातल्या हेमार्केटजवळ अमेरिकेच्या इतिहासावर पार्क काढायचं जाहीर केलं आणि सप्टेंबर १९९४ मध्ये गाशा गुंडाळला. त्याची संकल्पचित्रं लोक अजून चवीने बघतात, मीही बघतो. तळ्यात रोज रात्री मॉनिटर आणि मेरिमॅक या चिलखती जहाजांची झुंज (खरी झुंजही व्हर्जिनियाच्याच पाण्यात झाली, अमेरिकन गृहयुद्धात, १८६२ मध्ये), पोलादाच्या कारखान्यात वितळलेल्या धातूच्या कढईला चाटून जाणारी रोलर कोस्टर, स्थलांतरित जिथे उतरायचे ते न्यूयॉर्कचं एलिस आयलंड. सनावळ्या घोकून जे डोक्यात शिरत नाही ते इथे शिरलं असतं. व्हायलाच हवं होतं.

कातळ: साफ असहमत. ती कढईच बघा. अशा भट्ट्यांपाशी माणसं बारा-बारा तास राबली, भाजली. तिथे तुम्ही हात वर करून किंचाळणार आणि बाहेर येऊन स्वतःचा फोटो विकत घेणार! गुलामी कशी वाटायची तेही अनुभवायला देऊ, असं डिस्नीचा अधिकारी बोलून गेला होता. जेम्स मॅकफर्सन, डेव्हिड मॅकलॉ हे इतिहासकार उगाच नाही विरोधात उतरले. गृहयुद्धातलं मनॅससचं खरं रणांगण तिथून काही मैलांवर असताना पार्कात नकली किल्ला कशाला?

नकाशेबाज: काही मैलांवर, म्हणजे रणांगणावर नव्हे ना? आणि मनॅससला दिसतं काय? गवत, तोफा, एक दगडी घर, माहितीफलक. वाचून आलेल्याला भरून येतं, बाकीचे घड्याळ बघतात. शिवाय पार्कच्या जागेवर पुढे बंगले आणि गोल्फ कोर्स आलेच की.

हिशेबी: दोघेही पैशाचं बोलत नाही. ६५ कोटी डॉलरच्या खासगी प्रकल्पासाठी राज्याने रस्ते वगैरेंना १६ कोटी ३० लाख मंजूर केले होते. विरोधकांत भोवतालचे बडे जमीनदारही होते. सगळ्यांना काही इतिहासाचा उमाळा आला नव्हता. तिकडे पॅरिसजवळचं युरो डिस्नी पार्क तोट्यात, १९९४च्या एप्रिलमध्ये डिस्नीचे अध्यक्ष फ्रँक वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेले, जुलैमध्ये कंपनीचे प्रमुख मायकेल आयस्नर यांची बायपास. इतिहासकारांनी डिस्नीला नमवलं, हे अर्धंच खरं.

कातळ: अर्धं तर अर्धं. पण नकाशेबाज, तुम्ही भाळलात ते चित्रांवर. चित्रात रांगा नसतात, बंद पडलेली राइड नसते, खर्च आवरायला गाळलेलं गाव नसतं. पार्क झालं असतं तर 'पाच वर्षांत वाट लावली' हा धागा तुम्हीच काढला असता.

नकाशेबाज: काढला असता. जहाजांची झुंज बघून आल्यावर.