हे वाक्य लेननचं नाही!

डावखुरा: परवा इथे बेसवाल्यांनी पुन्हा तेच टाकलं. बीटल्स या इंग्लिश बँडच्या ड्रमरबद्दल, 'रिंगो जगातला सर्वोत्तम ड्रमर आहे का?' यावर त्याच बँडमधला जॉन लेनन म्हणे म्हणाला, 'तो तर बीटल्समधलाही सर्वोत्तम नाही.' खाली सगळे खो खो हसले. लेनन असं कधीच म्हणालेला नाही. तो ८ डिसेंबर १९८० ला गेला. हा विनोद १९८१ मध्ये बीबीसी रेडिओच्या एका विनोदी कार्यक्रमात आला आणि १९८३ मध्ये विनोदवीर जॅस्पर कॅरटने टीव्हीवर केला. उलट १९८० च्या 'प्लेबॉय' मासिकाच्या मुलाखतीत लेनन सांगतो की बँडमधल्याच पॉलच्या बेस गिटारचं जसं चीज झालं नाही, तसंच रिंगोच्या ड्रमचंही.

बेसवाला: त्याच मुलाखतीत 'तांत्रिकदृष्ट्या तो चांगला नाही' असंही आहे. तेवढंच गाळलंत! 'बॅक इन द यूएसएसआर' या गाण्यावर ड्रम पॉलने वाजवलेत. वाक्य खोटं असेल, मुद्दा नाही.

डावखुरा: ते सांगायला हवं होतं, मान्य. पण ऑगस्ट १९६८ मध्ये रिंगो वैतागून बँड सोडून गेला होता, म्हणून पॉल बसला. रिंगो परतला तेव्हा त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवलेला होता. नकोशा ड्रमरसाठी कोण फुलं लावतं?

तालवेडी: तंत्र तंत्र काय लावलंय? रिंगो डावखुरा, आणि सेट उजव्या हाताने वाजवणाऱ्यांच्या मांडणीचा. रोल, म्हणजे भराभर सलग ठोके, घेताना डावा हात पुढे, त्यामुळे टॉमवरून, म्हणजे सेटमधल्या लहानमोठ्या ड्रमवरून, फिरताना त्याची वाटच वेगळी होते. 'कम टुगेदर' हे गाणं ऐका. मीही डावखुरी. शिकवणाऱ्यांनी दोन वर्षं माझे हात बदलायचा हट्ट धरला, माझ्या चांगल्या जागा चुका म्हणून खोडल्या. अजून माफ केलेलं नाही मी त्यांना.

बेसवाला: तुमच्या शिक्षकांचा इथे काय संबंध? आमचाही ड्रमर डावखुरा. दर कार्यक्रमाला सगळा सेट उलटा मांडायचा, आम्ही ताटकळत उभे. एकदा त्यापायी दोन गाणी गाळावी लागली.

तालवेडी: म्हणजे तुमचा खोळंबा नको म्हणून आम्ही हात बदलायचे? रिंगोने सेट न हलवता आपली वाट काढली, तर त्याला तंत्र नाही म्हणायचं! तुमच्या ड्रमरला तरी कधी विचारलंत, त्याला काय वाटतं?

डावखुरा: भांडू नका. बेसवाले, बीटल्सचं 'रेन' हे गाणं लावा आणि फक्त ड्रम ऐका. रिंगो स्वतः ते आपलं सर्वांत चांगलं वादन मानतो.

बेसवाला: ऐकलं, दोनदा. लावलं होतं पॉलच्या बेससाठी, अडकलो ड्रमवर. ठीक आहे, ते वाक्य जिथे जिथे टाकलंय तिथून काढतो. तंत्राबाबत मात्र मी लेननच्याच बाजूचा.