पहिला आठवडा तिला घर ओळखण्यासाठी द्यावा
ताई, बाळाला सांभाळण्यासाठी घरीच राहणारी मुलगी येत असून पहिल्या दिवसापासून तिला कोणती कामे सांगावीत, असे आपण विचारले आहे. परदेशात एखाद्या कुटुंबासोबत राहून मुले सांभाळणाऱ्या मुलीला ‘ओ पेअर’ म्हणतात; या फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थच ‘बरोबरीने’ असा आहे आणि जर्मनीत अशा मुलीकडून आठवड्याला ३० तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. आपल्याकडे मात्र घरात राहणारी म्हणजे चोवीस तास हाताशी असणारी, असे गृहीत धरले जाते आणि तिथेच बिनसते.

आमच्याकडे छिंदवाड्याची मुलगी ऐन मे महिन्यात आली. तिच्या खोलीत कूलर नव्हता, हे मला तिसऱ्या रात्री कळले, तेव्हा ती ओला दुपट्टा पांघरून फरशीवर झोपली होती. त्याची रुखरुख अजूनही आहे. दुसऱ्याच दिवशी कूलर बसवला आणि दाराला आतून कडीही लावून घेतली.

कामाचे तास, साप्ताहिक सुटी व पगाराची तारीख आधीच लिहून द्यावी. तिचे पान आपल्यासोबतच वाढावे आणि बाळाला तिच्या नावापुढे ‘ताई’ म्हणायला शिकवावे. आमचा मुलगा पंधरा दिवसांत तिच्या कडेवरून उतरायला तयार होईना.